कृपाजल आणि खळीचा रुमाल

सभागृहात खुर्च्या शंभर होत्या आणि माणसं दीडशेच्या वर. उरलेली भिंतीला टेकून, दारात, खिडक्यांच्या कट्ट्यांवर. पंखे फिरत होते, वारा कुणालाच लागत नव्हता, तरी आज कुणाची तक्रार नव्हती. सगळ्यांची नजर टेबलावरच्या एका ताटावर होती. ताटात साधे, उकडलेले, पांढरे नूडल्स.

“हे कुणाच्या घरचे?” पीठयोगींनी विचारलं.

“माझ्या!” पहिल्या रांगेतल्या बँकवाल्या बाई उभ्या राहिल्या. “मीच उकडून आणलेत. ताटही माझंच आहे.”

“मी हात लावला का?”

“नाही लावला.”

“ऐका हो, सगळे ऐका. मी हात लावलेला नाही.” पीठयोगींनी दोन्ही हात वर करून दाखवले. अंगात डॉक्टराचा वाटेल असा पांढरा कोट, त्यावर स्वयंपाक्याचा एप्रन, म्हणजे दोन्हीकडची गिऱ्हाइकं खूश. त्यांनी एक लहानशी काळी बाटली उचलली. “हे सत्यबिंदू. खोटं यांच्यापुढे टिकत नाही.”

तीन थेंब पडले. पांढऱ्या नूडल्सवर काळानिळा डाग पसरत गेला, वहीवर दौत कलंडावी तसा. सभागृहात ‘अरे बापरे’ची लाट उठली.

“ही बघा तुमची साखर! पिठाच्या पोटात दडून बसलेली. रोज हेच गिळता आणि डॉक्टरांना विचारता, साखर का वाढली? साखर म्हणजे पिठाचा अहंकार हो! अहंकार गेला की पीठ नम्र होतं. आणि नम्र पीठ रक्तात घुसत नाही, दारातच चपला काढून थांबतं!”

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग योगींनी फवाऱ्याची बाटली घेतली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि ताटावर दोनदा फवारा मारला. काळा डाग फिकट झाला, राखाडी झाला, गेला. ताटात पुन्हा पांढरेशुभ्र नूडल्स. पहिल्या रांगेतल्या निवृत्त पोस्टमनने तर चष्मा काढून पुसून पुन्हा घातला.

“कृपाजल,” योगी हळूच म्हणाले. “आमचं शून्यपीठ याच पाण्यात अकरा दिवस भिजवून वाळवतात. पोटभर नूडल्स खा. साखर शून्य!”

मागच्या दाराशी उभ्या असलेल्या धुलाईकाकांनी मात्र टाळी वाजवली नाही. ते नाक वर करून हुंगत होते. थेंब पडले तेव्हा एक वास आला होता. ओळखीचा, अगदी रोजच्या घसटीतला. पण कुठला ते आठवेना. वास एखाद्या जुन्या शेजाऱ्यासारखा समोर उभा होता आणि नाव ओठावर येत नव्हतं.

त्यांना इथे त्यांच्या ताईने ओढून आणलं होतं. ताई म्हणजे मोठी बहीण. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली, जिभेला कात्रीची धार असलेली, आणि गेली बारा वर्षं मधुमेहाची धनीण. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. घरी परतताना ती भावाच्या पुढे दोन पावलं चालत होती.

“बघितलंस ना गुंड्या, स्वतःच्या डोळ्यांनी?”

काका सदुसष्ट वर्षांचे होते. पण लहानपणी ते इतके गोल होते, की ताईने त्यांचं नाव शर्टाच्या गुंडीवरून ठेवलं आणि नंतर बदलण्याची गरज तिला कधी वाटली नाही.

“बघितलं.”

“मग तोंड असं इस्त्री न केल्यासारखं का?”

“वास कसला येत होता गं?”

“कसला येणार? कृपेचा!” ताई थांबली. “हे बघ, पुढच्या रविवारी सुईदान आहे. त्या लाकडी पेटीत सगळे आपापल्या गोळ्या नि सुया टाकणार. मीही टाकणार. सगळ्यांसमोर बोलायलाही सांगितलंय मला.”

“डॉक्टरांना विचारलंस?”

“त्यांना काय विचारायचं? कसायाला विचारून कुणी गाय पाळतं का?”

“बरं, मग साखर मोजून तरी बघत राहा.”

“चाळीस दिवस मोजायचं नाही. मोजलं की कृपेला संशयाची बाधा होते.”

काकांना हसू आलं आणि ते त्यांनी गिळलं. ताई पुन्हा चालायला लागली. मग वळून न बघताच म्हणाली, “हे आधी मिळालं असतं तर तिलाही पोटभर नूडल्स खाता आले असते रे.”

ती टोचून बोलली नव्हती. काकांना मात्र पुढचा रस्ता दिसला नाही.

ती म्हणजे काकांची बायको. जाऊन आठ महिने झाले होते. तिलाही मधुमेह होता, आणि जगात तिला एकाच पदार्थाचं वेड होतं, नूडल्सचं. डॉक्टरांनी मैदा बंद केला तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी नूडल्स कापायचं हाताने फिरवायचं यंत्र आणलं आणि म्हणाले, “मैदा बंद आहे, पीठ बंद नाही. बघू काय होतं.”

काय झालं ते विचारू नका. पहिल्यांदा बदामाचं पीठ घेतलं. नूडल्स दिसायला फक्कड झाले, उकळत्या पाण्यात गेले आणि परत आलेच नाहीत. पातेल्यात खीर तयार. नारळाचं पीठ घेतलं तर ते पाणी पीतच राहिलं. वाटीवर वाटी ओतली तरी याचा घसा कोरडाच. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ चवीला छान लागलं. पण दोन तासांनी बोट टोचून पाहिलं तर साखर मैद्याइतकी नाही, तरी चढलेलीच. पाचव्या की सहाव्या वेळेला कुठे जमलं. सोयाबीनचं पीठ दोन वाट्या, जवसाची बारीक पूड तीन चमचे, दोन अंडी, आणि गव्हातला तो चिवट भाग, दुकानदार ज्याला ग्लुटेन म्हणतो, तो दोन चमचे. गोळा ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचा, दोन प्लास्टिकांच्या मध्ये लाटायचा, कापायचा, आणि दीड मिनिटाच्या वर उकळायचा नाही. हे सगळं तिने एका वहीत लिहिलं. पुढे साखरेचा आकडा आणि त्याच्यापुढे शेरा. यशस्वी नूडल्सपुढचा शेरा होता, ‘चपलेच्या वाद्या. पण आपल्या घरच्या. साखर कमी.’

कमी. तिने कधी शून्य लिहिलं नाही.

शेवटच्या महिन्यात मूत्रपिंडं थकली. एके दुपारी ती म्हणाली, “एकदा खरे नूडल्स द्या हो. दुकानातले.” काका म्हणाले, “जरा बरं वाटू दे, मग.” ते ‘मग’ आलं नाही. तेव्हापासून यंत्र कपाटात वरच्या फळीवर, कापडात गुंडाळलेलं.

म्हणून सभागृहात काका चेष्टेखोर चेहऱ्याने उभे असले तरी मनातून त्यांना वाटत होतं, हे खरं निघावं. आणि खरं निघालं तर, आपण तिला एक ताट नाकारलं, ते कुठल्या तोंडाने सोसायचं, हेही वाटत होतं. दोन्ही एकदम.

बुधवारी सकाळी काका रुमालांना खळ देत बसले होते. एकतीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काढलेला माणूस. निवृत्त झाला तरी रुमाल पापडासारखा कडक हवा. एवढ्यात दारावर थाप पडली. ताईची सून होती. हातात पिशवी, चेहरा उतरलेला.

“मामा, आईंनी रात्रीची सुई रविवारपासूनच बंद केलीय.”

“कोण म्हणतं?”

“फ्रीजमधलं रात्रीच्या इन्सुलिनचं पेन हललेलंच नाही. विचारलं तर म्हणतात, सराव करतेय. रात्रीत दोन तांबे पाणी पितात. काल वाटीभर नूडल्स म्हणत ताट भरून खाल्ले आणि दुपारभर झोपल्या. मी बोलले तर म्हणतात, तू कालची पोर. तुमचं ऐकतील.”

“माझं? मला ती गुंड्या म्हणते.”

“मग गुंड्या म्हणून तरी काहीतरी करा ना!”

तिने पिशवीतून शून्यपीठाचं पाकीट आणि कृपाजलाची बाटली काढून ओट्यावर ठेवली. पाकिटावर अकरा दुर्मिळ बियांची चित्रं होती. काकांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. मऊ, पांढरं, रेशमासारखं. वाटीत थोडं घेतलं, नळाचं पाणी घालून मळलं आणि गोळा दोन्ही हातांनी ताणला. गोळा वीतभर लांबला आणि सोडल्यावर आक्रसून परत आला.

“सूनबाई, हा मैदा आहे.”

“कशावरून?”

“सोयाबीनच्या पिठाला ताण देऊन बघ. मोडेल पण लवणार नाही. तुझ्या सासूसारखं.”

ती हसली, बरेच दिवसांनी हसल्यासारखी. “आईंना हे सांगून पटणार नाही मामा. त्या म्हणतील, असेल मैदा, पण साखर काढलेला. डाग गेलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय.”

हे खरं होतं. काकांनी कृपाजलाची बाटली उघडली, बोट बुडवून जिभेला लावलं. आंबट. ओट्यावर खळीचं पातेलं होतं, पातेल्यात पांढरा रुमाल. काकांनी रुमालाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि तीन दिवस दाराबाहेर उभा असलेला तो वास एकदम नावासकट घरात आला.

आयोडीन.

“हात् तिच्या!” काकांनी कपाळावर हात मारला. खळीचा हात होता, कपाळ पांढरं झालं. “अगं, एकतीस वर्षं मी हेच तर धूत होतो!”

त्यांनी तिला समजावलं. इस्पितळात जखमेला आयोडीन लावायचे. साध्या कापडावर सांडलं तर डाग तपकिरी पडायचा. पण नर्सच्या कडक खळ दिलेल्या एप्रनवर सांडलं की काळानिळा. कारण खळ म्हणजे दुसरं काही नाही, पिठातलं सत्त्वच. पीठ आणि आयोडीन भेटले की काळं होतं, मग ते एप्रनवर भेटोत नाहीतर ताटात. आणि तो डाग काढायची धुलाईघराची युक्ती ठरलेली होती. वॉर्डातून व्हिटॅमिन सीच्या आंबट गोळ्या मागून आणायच्या, कुस्करून पाण्यात घालायच्या, डागावर ओतायच्या. डाग बघता बघता गायब.

“म्हणजे साखर जात नाही?”

“पीठ आहे तिथेच असतं. ते पोटात गेल्यावर त्याची साखर होते, ती व्हायची तशी होते. फक्त आयोडीनचा रंग जातो. एप्रनचा डाग गेला म्हणून खळ थोडीच जायची? कडकच राहायचा तो.”

सूनबाई धावत जाऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून दोन्ही वस्तू घेऊन आली. ओट्यावर त्यांनी सगळं करून पाहिलं. शून्यपीठाचा नूडल, थेंब टाकताच काळाकुट्ट. गोळीचं पाणी घालताच पांढरा. मग काकांनी स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून यंत्र काढलं, कापड सोडलं. दांडा जरा अडकला, मग फिरला. बायकोची वही उघडून त्यांनी सोया-जवसाचे नूडल्स केले. हातांना सगळं आठवत होतं; वही उगीच उघडली होती. त्यावर थेंब टाकला तेव्हा तपकिरी ठिपका पडला आणि तपकिरीच राहिला. ना मंत्र, ना फवारा.

काका त्या ठिपक्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. सूनबाईने भांडी घासायला घेतली.

रविवारी सभागृहात माणसं दोनशेच्या पुढे होती. पुढे टेबलावर लाकडी पेटी, तिला वरून फट. लोक रांगेने येऊन गोळ्यांची पाकिटं टाकत होते आणि योगी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होते, “सुटलात!” पोस्टमन सुटले. बँकवाल्या बाई सुटल्या. मग पुकारा झाला आणि ताई उठली. ठेवणीतली साडी, हातात इन्सुलिनचं पेन. ती माईकपुढे उभी राहिली.

“बारा वर्षं मी या सुईची मोलकरीण होते. आज...”

“ताई, एक मिनिट!” काका मधल्या वाटेने पुढे येत होते. “सुई टाकण्याआधी माझ्या रुमालाची साखर तपासून घे.”

सभागृह हसलं. ताईच्या भुवया केसांना टेकल्या. “गुंड्या, खाली बस!”

‘गुंड्या’ ऐकून सभागृह आणखी हसलं. योगीही हसले, कारण हसणाऱ्या गर्दीला थांबवणं धोक्याचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. “येऊ द्या त्यांना. काय शंका आहे काका?”

“शंका नाही, डाग आहे.” काकांनी खिशातून कडक पांढरा रुमाल काढून टेबलावर पसरला. “आणि हे सत्यबिंदू नाहीत हं, औषधाच्या दुकानातलं आयोडीन आहे. जखमेला लावतात ते.” त्यांनी दोन थेंब टाकले. रुमालावर काळानिळा डाग पसरला, आठवड्यापूर्वी ताटात पसरला होता तसाच.

“हे बघा! माझ्या रुमालाला मधुमेह!”

आता हशा वेगळा होता. योगी पुढे झाले. “कपड्यातही अन्नाचे अंश असतात. सत्यबिंदूंना सगळं दिसतं.”

“अगदी बरोबर बोललात. याच्यात खळ आहे, खळ म्हणजे पीठ. पिठाला आयोडीन लागलं की काळं होतं. आता तुमचं कृपाजल मारा.”

“कृपा रुमालावर वाया घालवायची नसते.”

“मी घालवतो,” पोस्टमन म्हणाले, आणि टेबलावरची फवाऱ्याची बाटली उचलून त्यांनी फवारा मारला. डाग गेला. काकांनी पुन्हा थेंब टाकून डाग केला, आणि आता स्वतःची बाटली पोस्टमनच्या हातात दिली. “हे मारा. सभागृहाच्या नळाचं पाणी, आणि त्यात व्हिटॅमिन सीच्या दोन गोळ्या. लहान मुलं चघळतात त्या.”

फवारा. डाग गेला.

“एकशे सत्तर दिले मी त्या बाटलीला!” मागून कुणीतरी ओरडलं.

“शांत व्हा!” योगींचा आवाज चढला. “डाग जाणं ही बाहेरची खूण आहे. आत साखरेचं विसर्जन होतं, ते याला कसं दिसणार? धोब्याला!”

“धोब्यालाच दिसतं,” काका म्हणाले. “डाग कुठे जातो ते दुसरं कोण बघतं?” मग ते बँकवाल्या बाईंकडे वळले. त्या आजही ताट घेऊन आल्या होत्या. सुरुवातीच्या प्रयोगात काळं होऊन पुन्हा पांढरं झालेलं ते ताट टेबलावरच होतं. “बाई, यातली साखर गेली ना?”

“गेली म्हणे.”

“मग यांच्याच सत्यबिंदूंचे आणखी आठ-दहा थेंब टाका. काळं व्हायला आता काही उरलेलं नसेल.”

योगींनी काळ्या बाटलीवर हात ठेवला. बाईंनी तो हात बाजूला केला. तीस वर्षं कॅशवर बसलेला हात होता तो. “ताट माझं आहे,” त्या म्हणाल्या आणि थेंब टाकले. एक, दोन, तीन... काही नाही. योगींचा चेहरा जरा खुलला. सहाव्या थेंबाला नूडल्स करडे झाले. नवव्याला काळेठिक्कर.

पोस्टमननी पुन्हा चष्मा काढला, पुसला आणि घातला.

“आंबट पाणी संपलं, की काळं परत आलं,” काका म्हणाले. त्यांना भाषण येत नव्हतं. धुलाईघरात नव्या माणसाला शिकवायचे तसे ते बोलत होते. “घरात चोर आहे. दिवा लावला तर तो दिसला. यांनी काय केलं? चोराला धरलं नाही, दिवा विझवला. आणि तुम्हाला म्हणाले, चोर गेला, आता कुलूप काढून टाका. ही पेटी म्हणजे तुमची कुलपं आहेत.”

“जिथे संशय असतो तिथे कृपा थांबत नाही,” योगी म्हणाले आणि बाटल्या गोळा करू लागले.

“कृपा जाऊ दे, पेटी ठेवा!” पोस्टमन ओरडले. “माझ्या गोळ्या आहेत त्यात!”

मग जी झुंबड उडाली ती बघण्यासारखी होती. पेटी उलटी केली. ‘या माझ्या’, ‘अहो या ब्लडप्रेशरच्या’, ‘गुलाबी पट्टीच्या कुणाच्या?’ जो तो आपली पाकिटं शोधत होता, नाव नसलेल्या गोळ्या कुणी घ्यायच्या नाहीत म्हणून बँकवाल्या बाई दटावत होत्या. त्या गोंधळात पीठयोगी मागच्या दाराने नम्र पिठासारखे निघून गेले. चपला मात्र दारात काढून नाही, घालून. एक गृहस्थ शेवटपर्यंत काकांच्या मागे लागले होते, “पण काका, डाग तरी जातो ना? मग एक बाटली राहू दे. शर्टाला होईल.”

ताई माईकपाशी तशीच उभी होती. पेन हातात. मग ते तिने पर्समध्ये टाकलं आणि कुणाकडे न बघता निघाली.

घरात शिरताच ती म्हणाली, “चारचौघांत माझं नाक कापलंस.”

“तुझं नाही, त्याचं.”

“सुई हातात घेऊन मी उभी होते, तो नव्हता! घरीच सांगता आलं नसतं?”

“ऐकलं असतंस?”

सूनबाईने साखर मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. ताईने तिच्याकडे, मग भावाकडे पाहिलं. “टोच म्हणायची हिंमत नाही वाटतं कुणात?” तिने स्वतःच बोट टोचलं.

तीनशे बहात्तर.

“यंत्र बिघडलंय.”

“दुसऱ्या बोटाने बघ.”

तीनशे अडुसष्ट. ताईने आकडा पुन्हा वाचला. आयुष्यभर टेपने लोकांची मापं घेतलेली बाई. माप खोटं बोलत नाही हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

“फोन लाव डॉक्टरांना,” ती सुनेला म्हणाली. “आणि आधीच सांग, ओरडायचं असेल तर दहा मिनिटंच. त्याच्या पुढे मी ऐकणार नाही.”

डॉक्टर बारा मिनिटं ओरडले, सुई किती घ्यायची ते सांगितलं आणि लगेच दवाखान्यात बोलावलं. दवाखान्यातून सगळे परतले तेव्हा दुपार कलली होती. ताईने सगळं निमूट ऐकलं होतं, याचंच सुनेला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. डॉक्टरांनी आता खायला हरकत नाही म्हटल्यावर काकांनी पिशवीतला डबा काढला. सोया-जवसाचे नूडल्स, थोडे तुटलेले, रंगाला मातकट, वर भाज्या.

“हे काय?”

“खा. वाटीभरच.”

ताईने एक घास घेतला. चावला. पुन्हा चावला. चावतच राहिली.

“गुंड्या, खरं सांगू?”

“सांग.”

“चपलेच्या वाद्या आहेत या.”

काका उठले, हात धुवायच्या निमित्ताने बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिले. ताईला ती वही माहीत नव्हती. ताईने दुसरा घास घेतला, तिसराही घेतला. वाटी संपली तेव्हा काकांनी परत येऊन खिशातून वही काढली, नव्या पानावर तारीख घातली आणि दोन तासांनी ताईचा आकडा लिहिला. तो सकाळच्यापेक्षा उतरला होता. सुईने उतरवला, नूडल्सनी चढवला नाही, एवढंच. तेही त्यांनी लिहिलं.

पुढच्या रविवारी, पोस्टमन ज्यात होते त्या, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या गटाने काकांना त्याच सभागृहात नूडल्स करून दाखवायला बोलावलं. या वेळी माणसं चाळीसच होती. चमत्कार नसला की जागा भरपूर मिळते. काकांनी पीठ मळलं, यंत्र फिरवलं, दीड मिनिट उकळलं. पोस्टमननी विचारलं, “काका, याने साखर शून्य राहते ना?”

“नाही. कमी चढते. तीसुद्धा प्रत्येकाची वेगळी. खाऊन, मोजून बघायचं.”

चाळीस जणांनी निराशेचा एकच सुस्कारा टाकला.

“हेच तर आपलं दुखणं आहे,” काका म्हणाले. “‘शून्य’ म्हणणाऱ्याच्या मागे दोनशे जण धावतात, ‘कमी’ म्हणणाऱ्याकडे चाळीस येतात. देव मानायचा तर माना, मला काही म्हणायचं नाही. पण तुमच्या पोटाबद्दल, रक्ताबद्दल कुणी काही सांगितलं, तर थेंबाची बाटली त्याच्या हातातून आपल्या हातात मागा. मोजू नका म्हणाला तर त्याच दिवशी मोजा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध कुठल्याही पेटीत टाकू नका, पेटी कितीही नक्षीची असली तरी. माझ्या घरच्या माणसाने एकदा खरे नूडल्स मागितले होते. मी दिले नाहीत. ते बरोबर होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी तिला खोटे देऊन खरे म्हणालो नाही.”

मग पहिल्या रांगेतून ताईचा आवाज आला, “भाषण पुरे. वाटीत वाढ. आणि गुंड्या, दीड मिनिट म्हणजे दीडच. परवा माझ्याकडे केलेस तेव्हा दोन झाली होती, मी मोजत होते.”